बतूलचा रोजा

बतूल कंटाळली होती. आज सकाळी उठली आणि कंटाळली असं नव्हे. दीड वर्ष रोज थोडं थोडं साचत आलेलं आता गळ्याशी आलं होतं. पाय सुजलेले, साखर वाढलेली, आणि दुपार कलली की बाईने घरातून उठायचं, चढ चढायचा, बर्दाइन वेशीपाशी नवऱ्याचं दुकान आहे तिथे जायचं, आणि तेही मागच्या दाराने. पुढच्या दाराने जायची सोय नव्हती. मेक्नेस शहरातल्या माणसांना दुसऱ्याच्या बायकोची फार काळजी. थामीची बायको रोज दुकानात काय करते, असं कुणीही विचारलं असतं.

काय करते, तर मीठ बघते.

थामीच्या हरिऱ्याचं वेशीच्या आतल्या सगळ्या आळ्यांत नाव होतं. मसूर, हरभरे, टोमॅटो, मूठभर कोथिंबीर, मटणाचे बारके तुकडे, जुन्या तुपाचा खमंगपणा आणि शेवटी पीठ लावून आणलेला दाटपणा. असं हे हरिऱ्याचं कढण तिथे घरोघरी होतं. रमजानात तर त्याच्याशिवाय रोजा सुटत नाही. पण थामीच्या बापाच्या काळापासून लोक म्हणत, या घराण्याची जीभच वेगळी. मग एका हिवाळ्यात थामीला ताप आला, आणि उतरताना तो जीभ घेऊन उतरला. आधी वास गेला, मागोमाग चव. पहिल्या सकाळी थामी बायकोवर चिडला, कॉफी म्हणून गरम पाणी दिलंस म्हणाला. दुसऱ्या सकाळी त्याने अख्खं लिंबू चावून पाहिलं आणि तोंड वाकडं झालं नाही. मग तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून रडला. बतूलने उठून दार लावून घेतलं, शेजारणीच्या कानावर जायला नको.

"कुणाला सांगू नको," थामी म्हणाला.

"मी कशाला सांगते?"

"बूसल्हामला तर मुळीच नाही."

बूसल्हाम म्हणजे थामीचा धाकटा भाऊ. दुकान दोघांचं. बाप जाताना सांगून गेला होता, थोरल्याच्या हाताला चव आहे तोवर इथे हरिराच विकायचा, मग पुढे काय ते दोघं बघा. बूसल्हामने ते ऐकलं खरं, पण त्याचा जीव कधीचा दुसरीकडे होता. बटाटे तळून पावात भरून विकणारा एक माणूस त्याने गाठून ठेवला होता. तो माणूस जागेवर डोळा ठेवून, आणि बूसल्हाम भावाच्या म्हातारपणावर. थामीची जीभ गेली हे त्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुकानात तेलाची कढई चढली असती.

तेव्हापासून थामी शिजवायचा आणि बतूल चाखायची. पुढे भांडं, बाकडी आणि गिऱ्हाईक; मागे पडदा, आणि पडद्यामागे एका स्टुलावर बतूल. थामी पळीभर आणून द्यायचा, ती चाखून बोटांनी सांगायची, एक चिमूट, दोन चिमटी, लिंबू पिळा. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक आदराने म्हणायचे, वा, सी थामी, हात म्हणजे हात आहे. थामी हसायचा, आणि पडद्यामागे बतूल दुखरे गुडघे चोळायची.

रमजानात तर पंचाईतच. दिवसा चाखायचं कुणी? बाकीचे आचारी अंदाजाने मीठ घालतात, वर्षभराची सवय असते त्यांच्या जिभेला. थामीला कसली सवय आणि कसला अंदाज. पण बतूलला साखर होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोजा नाही म्हणजे नाही. धर्मही आजाऱ्याला सूट देतो. त्यामुळे अख्ख्या आळीत दिवसा तोंड चालवायची मुभा असलेलं एक माणूस थामीच्या घरात होतं. थामी म्हणाला, देवाने सोय केली बघ. दार लावून, खिडकी ओढून, चोरासारखं दुपारचं जेवताना तिला काय वाटायचं ते तिचं तिला माहीत. लहानपणापासून तिचा रोजा कधी चुकला नव्हता. आजारपणामुळे राहिलेल्या रोज्यांच्या बदल्यात गरिबाला जेवू घालायचं असतं. ते ती इमानाने करत होती. पण मनाला खात राहायचं, आपण सगळ्यांबरोबर त्या रांगेत नाही.

अशात तो नौफल आला. कासाब्लांकाचा तरणा पोरगा, काठीला फोन बांधलेला, अंगात विजार अशी फाटकी की बतूलला पडद्याच्या भोकातून वाटलं, याला एखादी जुनी द्यावी. मेक्नेसात कुठे खावं आणि काय प्यावं, याचा तो व्हिडिओ करत होता. पुदिन्याच्या चहाचं दुकान त्याला सापडलं होतं, ऑलिव्हवाला सापडला होता. हरिऱ्यासाठी सगळ्यांनी त्याला इकडेच पाठवलं होतं.

"सी थामी," तो म्हणाला, "ही चव येते कुठून, ते सांगा ना जरा."

बाहेरच्या पहिल्या बाकड्यावर म्हातारा हम्मादी शिंपी बसला होता. बायको गेल्यापासून तो रोजा इथेच सोडायचा आणि ऊन असल्यापासून जागा धरून बसायचा. नावं ठेवायला काही मिळालं नाही तर ज्याला दिवसभर चुकल्यासारखं वाटतं, त्यांतला माणूस. तो कान टवकारून ऐकू लागला.

थामीने पळी भांड्याच्या काठावर आपटली. "पोरा, मसूर बाजारात मिळतो, मटण बाजारात मिळतं. ही मिळत नाही." आणि त्याने फोनसमोर चक्क जीभ काढून दाखवली. "बापाकडून आलीय. आणि रमजानात तर हिचीही गरज नाही. नुसत्या वाफेवर मीठ सांगतो मी."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्याला स्वतःच्या बुडाखाली चिंधी जळली तरी वास येणार नाही, तो माणूस वाफेवर मीठ सांगत होता. आणि पडद्यामागे त्याच वेळी बतूलच्या तोंडात चमचा होता. तिने तो हळूच बाहेर काढला, ओढणीला पुसला आणि मांडीवर ठेवला. बाहेर हम्मादीला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना.

"झकास!" नौफल म्हणाला. "उद्या परत येतो. भोंगा वाजल्यावर सगळे पहिला घोट घेतात ना, तो मला टिपायचाय."

घरी जाताना थामी खुशीत होता. "बरा बोललो ना गं?"

"बरे बोललात," बतूल म्हणाली. तिला वाटलं, आता तरी हा काहीतरी म्हणेल. पडद्याआड ऐकायला होतीस ना, वाईट नाही ना वाटलं, एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. थामीने चपला काढल्या, आज पाय फार दुखले म्हणाला, आणि गादीवर आडवा झाला. तिला इतका राग आला की रडूच येईना.

पहाटेच्या जेवणाला थामी उठला तर बतूल आधीच बसली होती, पुढ्यात पाव आणि दही.

"तू कशाला उठलीस?"

"रोजा धरतेय."

"डोकं ठिकाणावर आहे का? डॉक्टरीण काय म्हणाली?"

"तिला मी बघून घेईन. आज सव्विसावा दिवस. संध्याकाळी सत्ताविसावी, मोठी पवित्र रात्र लागते. आळीतल्या दुधाचे दात न पडलेल्या पोरीसुद्धा आज पहिला रोजा धरतात, नवे कपडे घालून मिरवतात. मी काय पाप केलंय?"

थामीच्या डोक्यात दिवा पेटायला थोडा वेळ लागला. पेटला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "आणि मीठ?"

"तुम्हाला वाफेवर कळतं ना," बतूल म्हणाली आणि दह्याची वाटी पुसून खाल्ली.

आता यावर नवरा काय बोलणार? बायकोला कुठलंही काम करू नको म्हणता येतं, रोजा धरू नको म्हणायला जीभ रेटत नाही. त्यातून सव्विसाव्याला. बतूलला ते पक्कं ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने असं हत्यार उपसलं होतं, आणि उपसल्यावर तिला दमल्यासारखं वाटलं.

तरी दुपारी ती दुकानात गेली. मागच्या दाराशी तिने लाल चपला काढल्या आणि स्टुलावर बसून कोथिंबीर निवडायला घेतली. त्याला जीभ लागत नाही. थोड्या वेळाने पडदा हलला. थामी पळीत हरिरा घेऊन उभा.

"नुसती जिभेला टेकव आणि थुंकून टाक. त्याने रोजा मोडत नाही. हवं तर इमामांना विचार."

"इमामांना जीभ आहे ना? त्यांनाच बोलवा चाखायला."

"बतूल, आज तो फोनवाला येणार. बूसल्हाम येणार. तमाशा होईल."

"होऊ दे."

"एवढा राग?"

"राग नाही हो," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. "दमलेय मी. तुमची जीभ होऊन होऊन दमलेय. तुम्ही काल बापाचं नाव घेतलंत, स्वतःचं घेतलंत. मी काय भांडं आहे?"

थामीने पळी परत भांड्याकडे नेली. बतूलने देठ खुडले, पानं धुतली. ऊन भिंतीवरून खाली सरकलं तसं तिला बसल्या जागी गळाल्यासारखं झालं. ओठ कोरडे पडले. पडदा पुन्हा हलला, आणि ती मनाशी म्हणाली, आला परत मीठ घेऊन. पण थामीच्या हातात पळी नव्हती. दोन खजूर होते आणि पाण्याचा पेला.

"डोकं गरगरत नाही ना?" तो कुजबुजला. "गरगरलं तर लगेच मोडून टाक. मीठ गेलं खड्ड्यात. कळलं का?"

त्याने ते तिच्या शेजारी फळीवर ठेवले आणि गेला. थोड्या वेळाने पुन्हा डोकावला, घाम तर आला नाही ना म्हणून विचारून गेला. बतूलचा जीव पाणी पाणी झाला. चाळीस वर्षांचा संसार, या माणसाला धड क्षमा मागता येत नाही आणि धड काळजी लपवता येत नाही. तिला वाटलं, उठावं, चमचा बुडवावा, टेकवून थुंकून टाकावं आणि बोट वर करावं. एवढंच तर काम.

तेवढ्यात पुढे आवाज आला. "सलाम, दादा. आज अगदी जोरात दिसतंय." बूसल्हाम आला होता, कॅमेऱ्यासाठी नवी पांढरी पायघोळ जिलाबा घालून. त्याच्यामागे काठी परजत नौफल. बाकडी भरत चालली. बसस्टँडवरचे हमाल, मशिदीजवळच्या गोदामाचा रखवालदार, आणि पहिल्या बाकड्यावर नेहमीसारखा हम्मादी. प्रत्येकापुढे खजूर, उकडलेलं अंडं, मधातली तिळाची मिठाई, आणि अंड्यासाठी जिऱ्याची आणि मिठाची चिमुकली वाटी.

बतूलने भोकातून पाहिलं. थामीने मिठाच्या डब्यात हात घातला. मूठ भरली, भांड्यावर नेली. निम्मं मीठ त्याने डब्यात परत टाकलं. मग उरलेल्यातलंही बरंचसं. जे राहिलं ते सोडून त्याने जोरात ढवळलं, आणि नौफलच्या फोनकडे बघून हसला. ते हसू बतूलला बघवेना. एवढ्या भांड्याला तेवढं मीठ म्हणजे समुद्रात थुंकल्यासारखं. तिने फळीला धरलं. पाय उठेनात. पायांना उठायचं नव्हतं की तिलाच, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. भोंगा वाजला.

वेशीबाहेरून अजान आली. बाकड्यांवर सगळे पुटपुटले, खजूर तोंडात गेले, पाण्याचे घोट उतरले. मग थामीने वाट्या भरल्या आणि चमच्यांचा आवाज सुरू झाला. नौफलने फोन पुढे केला. आवाज सुरू झाला आणि एकाएकी बंद पडला.

पुढ्यात आलेल्या घासाला नावं ठेवायची नाहीत, रमजानात तर नाहीच नाही. एका हमालाचा हात मिठाच्या वाटीकडे गेला, पण हम्मादीकडे बघून तो मागे आला. थामी भांड्यामागे उभा होता आणि एकेकाचं तोंड बघत होता. त्याला काय झालंय ते कळत नव्हतं, फक्त झालंय एवढं कळत होतं. आता हम्मादी बोलणार, बतूलला वाटलं. हा म्हातारा सोडणार नाही, फोनसमोर धिंडवडे काढणार. तिच्या हातातला खजूर तसाच राहिला.

हम्मादीने चमचा वाटीत ठेवला. थामीकडे त्याने पाहिलंच नाही. मान वळवून तो पडद्याकडे बघत अदबीने म्हणाला, "लल्ला बतूल, तब्येत बरी आहे ना आज?"

बाकड्यांवरचे सगळे पडद्याकडे वळले.

"आल्यात त्या," रखवालदार हळूच म्हणाला. "मागे लाल चपला आहेत."

"मग बोलत का नाहीत? साखर वाढली असेल," एक हमाल म्हणाला. "सी थामी, आत बघा आधी."

नौफलने काठी खाली केली. "कोण बतूल?"

"पोरा," हम्मादी म्हणाला, "जिच्या मिठावर आम्ही जगतोय ती. मागच्या वर्षी तिला दवाखान्यात ठेवलं होतं, त्या दिवशी हरिरा असाच होता, पाण्यासारखा. ती घरी आली तशी चवही आली. आमच्या दाढ्या काय उन्हात पांढऱ्या झाल्यात?"

थामीने पळी भांड्यात सोडली. त्याच्या तोंडावर आधी राग आला, मग लाज, मग एवढा थकवा की तो क्षणात आणखी म्हातारा दिसायला लागला. "तुम्हाला माहीत होतं?" तो म्हणाला. "मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? तू दुकान बंद केलं असतंस तर आम्ही जेवायला कुठे जायचं? तळलेले बटाटे खायला?"

बूसल्हामने वाटीतून मान वर केली. सगळे त्याच्याकडे बघत होते. थामी त्याच्याकडेच वळला, आणि जे दीड वर्ष छातीवर घेऊन झोपत होता ते त्याने सरळ सांगून टाकलं. "माझी जीभ गेलीय, बूसल्हाम. त्या तापात गेली. वासही नाही, चवही नाही. काल या पोराला सांगितलं ते सगळं खोटं. मीठ बतूलचं आहे. आता तुला जे करायचं ते कर."

बूसल्हामने वाटीत चमचा फिरवला. तो काही वाईट माणूस नव्हता, नुसता घाईचा होता. "ईदनंतर बघू," तो शेवटी म्हणाला, आणि मिठाच्या वाटीकडे हात नेला.

हम्मादीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "थांब."

पडद्यामागे बतूलला हसू येत होतं आणि डोळे भरत होते, आणि दोन्हींचा तिला सारखाच राग येत होता. दीड वर्ष ती मागच्या दाराने आली, ओढणी डोळ्यांवर ओढून, भिंतीच्या कडेने, ताकास तूर लागू दिली नाही असं समजून. आणि ही सगळी माणसं रोज संध्याकाळी तिच्या चपला मोजून जेवायला बसत होती.

पडदा सरकला. नुसता हलला नाही, थामीने तो एका बाजूला ओढून खिळ्याला अडकवला. बाकड्यांवरच्या सगळ्यांना ती दिसली, स्टुलावर बसलेली, मांडीवर कोथिंबिरीचे देठ, हातात खजूर. थामीने पळी भरून तिच्यापुढे धरली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बतूल, मीठ किती घालू?"

तिने पळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"धरा तशीच," ती म्हणाली. "माझा रोजा सुटायचाय अजून. आधी खजूर खाऊ द्या."

तिने खजूर तोंडात घातला, सावकाश चावला, बी काढून बाजूला ठेवली. पेला उचलून घोट घोट पाणी प्याली. बाहेर वाट्यांतला हरिरा निवत होता, पण कुणी चमचा उचलला नाही.